ती सांगत होती, मी मोबाइल बघत होते

हे मी बसून लिहिते आहे. आता सलग पाऊण तास बसता येतं, मग पाठ टेकावी लागते. मणक्याचा टीबी झाल्याचं ज्यांना नुकतंच कळलंय आणि जे कुठल्यातरी खाटेवर उताणे पडून छताकडे बघत आहेत, त्यांच्यासाठी लिहिते आहे. गोळ्यांचं डॉक्टर सांगतील. मी माझे दिवस सांगते. त्यात माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आहे. ती वगळून लिहायला दोनदा बसले, दोन्ही वेळा कागद फाडले.

निदान

मी वनरक्षक आहे. नवरा, प्रकाश, मूल शहरातल्या एका राइस मिलमध्ये ऑपरेटर आहे. मुलगी अनू तेव्हा पाचवीत होती. माझं बीट, म्हणजे गस्तीला नेमून दिलेला जंगलाचा भाग, घरापासून दुचाकीवर तासाभराच्या अंतरावर, आणि बीटवर माझ्या जोडीला वनमजूर मडावी भाऊ. वयानं माझ्या बापाएवढे. ते मला बाई म्हणतात, मी त्यांना भाऊ.

पाठ दुखायला लागली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, मोहफुलं पडायच्या दिवसांत. गस्तीवर असलेल्या कुणाची पाठ दुखत नाही? मी दुकानातून गोळ्या आणून खात राहिले. संध्याकाळी कणकण यायची. वर्दीच्या पट्ट्याला मी खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली आणि बारीक झाले म्हणून मनातून खूश झाले.

पावसाळा सरता सरता एका नाल्यात माझा डावा पाय उचललाच गेला नाही. मी पाण्यात बसले. गुडघाभर पाणी, पण उठता येईना. मडावी भाऊंनी मला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत आणलं. तो वाघाचा पट्टा, म्हणून चालताना ते सारखे मोठ्यानं बोलत होते. बोलायला काही उरलं नाही तेव्हा आपल्या बैलांची नावं घेत राहिले.

चंद्रपूरला एमआरआय झाला. डॉक्टर माझ्याहून तरुण होते. म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे. दोन मणके खाल्लेत."

"पण मला खोकला नाही," मी म्हणाले.

"हाडाला कुठं खोकला येतो, मॅडम."

प्रकाशनं पहिला प्रश्न विचारला तो अनूचा. "पोरीले होईन का, सर?" डॉक्टरांनी हा टीबी तसा पसरत नाही म्हणून सांगितलं. तरी त्याच दिवशी अनूची गादी आणि दप्तर प्रकाशच्या आईकडे गेलं. मला ते चार दिवसांनी कळलं. बाप म्हणून त्यानं योग्यच केलं असेल. पण त्याबद्दल मला आजही त्याच्याशी बोलता येत नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, "पाय परत येईल?"

"बघू," ते म्हणाले.

पुढचे कित्येक महिने मी त्या एका शब्दावर पडून होते.

वॉर्ड

मणक्याजवळ साचलेला पू काढला आणि मला सपाट झोपवलं. उशी नाही, बसायचं नाही. कूस बदलायची तर दोघींनी मिळून ओंडका फिरवावा तसं फिरवायचं. सकाळी गोळ्यांची मूठ, मग मळमळ, मग केशरी लघवीचं भांडं. पहिल्यांदा ते भांडं बघून मी रक्त समजून ओरडले होते. सिस्टर म्हणाली, "गोळीचा रंग आहे, घाबरू नका." अशी साधी वाक्यं वेळेवर सांगणारी माणसं वॉर्डात होती, हे नमूद केलं पाहिजे.

पहिले तीन आठवडे माझी आई सोबत होती. मग धान कापणीला आलं आणि तिला जावं लागलं. प्रकाश मिलच्या पाळीच्या आधी किंवा नंतर यायचा. मधला दिवस माझा आणि मोबाइलचा.

मी आधी फार मोबाइल बघणारी नव्हते. बीटवर रेंजच नसते. पण उताणं पडलेल्या माणसाला रिकामा वेळ सोसत नाही. डोकं जरा मोकळं झालं की 'बघू' हा शब्द येऊन उभा राहायचा. कानात हेडफोन घातले, अंगठा फिरवत राहिलं की तो लांब जायचा. कुणीतरी नाचतंय, कुणी नवऱ्याला फसवतंय, कुणी पाव तळतंय. एक संपायच्या आत दुसरं. हात भरून यायचे तेव्हा मोबाइल छातीवर ठेवायचा, दोन मिनिटांनी परत उचलायचा. सुरुवातीला त्यानं मला तारलं, हे मी नाकारत नाही.

जुरीबाई

शेजारच्या खाटेवर जुरीबाई आली. भामरागडच्या पलीकडची, माडिया गोंड. शेतातल्या मचाणीवरून उतरताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पायाला वजन बांधून ठेवलं होतं. ऑपरेशन व्हायचं होतं. मराठी तिला शून्य. सोबत मुलगा, सैनू. तो मोडकं मराठी बोलायचा.

गस्तीवर शिकलेले माझे दहा-वीस गोंडी शब्द होते. पाणी, झाड, वाघ, घर. पहिल्या दिवशी मी तिला पाणी हवं का म्हणून गोंडीत विचारलं तर तिचा चेहरा असा उजळला की सगळा वॉर्ड बघायला लागला. त्या दिवसापासून सिस्टर काहीही विचारायचं असलं की मलाच विचारायची.

ऑपरेशनसाठी रेशन कार्ड हवं होतं आणि ते गावी राहिलं होतं. सैनूला जाऊन यायला तीन दिवस लागणार. निघताना तो माझ्या खाटेजवळ उभा राहिला.

"बाई, तुमी थोडं बोलता आमचं. मायकडे ध्यान ठेवजा. काई म्हणली तर शिस्टरले सांगजा."

"जा तू. मी आहे," मी म्हणाले.

त्यानं त्याचा नंबर दिला. मी तो 'जुरीबाई मुलगा' म्हणून मोबाइलमध्ये टाकला.

पहिला दिवस मी तिच्याशी तुटकतुटक बोलले. पण ती सलग बोलायची, आणि मला दहातला एक शब्द कळायचा. न कळणारं ऐकत राहण्यात कष्ट असतात. दुसऱ्या दिवशी मी हेडफोन घातले. ती बोलत होतीच. मधून मधून तिचा हात दिसायचा, लांब केलेला. "काल," ती म्हणायची, "काल, काल," आणि पुढं काहीतरी. मी समजले, कालचं काहीतरी सांगते आहे. जुन्या आठवणी. म्हाताऱ्या माणसांचं असतंच.

सिस्टर राउंडला आली. "काय म्हणते ही?"

मी एका कानातला हेडफोन काढला. "काही नाही. गप्पा मारते."

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश आला तेव्हा ती जास्तच बोलत होती, म्हणून मी त्याला माझा मोबाइल तिच्यापुढं धरायला लावला. पडद्यावर एक बकरी माणसाला ढुशी मारत होती. जुरीबाई बघत राहिली आणि गप्प झाली. मला वाटलं, किती सोपं होतं हे.

त्याच दुपारी चार वाजता तिला धाप लागली. सिस्टर धावली, डॉक्टर आले, पडदा ओढला. मी ओंडक्यासारखी पडलेली, मान वळवून पडद्याखालून नुसते पाय बघत होते. धावणारे पाय, मग हळू चालणारे पाय.

डॉक्टरांनी पडद्याबाहेर येऊन मला विचारलं, "तुम्हाला काही बोलली होती? पोटरी दुखते वगैरे? पाय सुजला होता तिचा."

"नाही," मी म्हणाले.

पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, असं सिस्टर नंतर म्हणाली. पडून राहणाऱ्यांना होतं. सैनू दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड घेऊन आला. खाट रिकामी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

घर

दिवाळीनंतर मला घरी आणलं. पाठीला पट्टा, खाली सपाट पाट, चार महिने उठायचं नाही. अनू परत आली, पण माझ्या खोलीच्या दारात उभी राहून बोलायची.

मी सकाळी गोळ्या घेतल्या की मोबाइल हातात घ्यायची ते जेवणापर्यंत. जेवण झालं की परत. आता 'बघू'च्या जोडीला जुरीबाईचा लांब केलेला हातही होता. तो दिसू नये म्हणून अंगठा फिरत होता. एकदा अनूनं दारातूनच विचारलं, "आई, आता काय पाह्यलं?"

मी हसत होते. हसू अजून तोंडावर होतं. आणि मला सांगता येईना. एका क्षणापूर्वी पाहिलेलं मला आठवत नव्हतं.

"काई नाई," मी म्हणाले.

"मंग हासत काऊन होती?"

हळूहळू तीही माझ्या शेजारी येऊन पडू लागली. जवळ आली याचा मला आनंद झाला. प्रकाशच्या जुन्या मोबाइलवर ती तिचं बघायची, मी माझं. तासन् तास आम्ही मायलेकी शेजारी शेजारी, आणि एक शब्द नाही.

झिरा

होळीच्या सुमाराला मडावी भाऊ आले. एरवी ते दाराशी बसून दोन मिनिटांत उठायचे. त्या दिवशी त्यांना काम होतं.

"बाई, जंगलातल्या टाक्यातलं पानी आटलं. सोलरचा पंप बिघडून राह्यला. जनावर गावाकडे सरकून राह्यले. आपन मागल्या साली तो झिरा उकरला होता न, तो कुठी होता जी? मी दोन दिस फिरलो. नवे साहेब विचारून राह्यले."

झिरा, म्हणजे नाल्याजवळ पाण्यासाठी उकरलेला खड्डा, मी माझ्या हातांनी केला होता. भाऊ त्या आठवड्यात तापानं घरी होते, फक्त शेवटच्या दिवशी आले होते. मला दगड आठवले, बोटांना झालेले फोड आठवले. पण जागा? नाल्याच्या कुठल्या वळणावर? कुठल्या झाडापासून आत? मी डोळे मिटले. तिथं काहीच नव्हतं. सहा वर्षं पायाखाली घातलेलं जंगल, आणि त्या जागी नाचणारी माणसं आणि तळले जाणारे पाव.

"आठवत नाही, भाऊ."

ते उठून उभे राहिले. "असू द्या. बिमारीत होते असं," म्हणाले आणि गेले.

पाय गेला तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. पाय टीबीनं नेला होता. हे मी स्वतः देऊन बसले होते.

मी अनूची चौकटीची वही आणि पेन मागितलं. उताणं पडून लिहिताना पेन चार ओळींत बंद पडलं. तिनं पेन्सिल दिली. मी चौकीपासून सुरुवात केली. चौकी, तिच्यामागं बेहड्याचं झाड, तिथून उजवीकडं बैलगाडीची वाट. पुढं काय? मी मनातल्या मनात चालायला लागले. दहा पावलांवर अडले. हात मोबाइलकडे गेला.

हे सोपं झालं असं मी सांगणार नाही. दहा मिनिटं काढायची, चाळीस मिनिटं मोबाइल. डोकं एका जागी थांबायचंच नाही, खुंटा तोडलेल्या गोऱ्ह्यासारखं. आणि थांबलं की भीती. मी रडायची, मग परत वाट शोधायची. वाट सापडत असेपर्यंत भीती गप्प राहायची, हे मला चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं.

प्रकाश चिडला. दिवसभर मिलमध्ये उभा राहून आलेला माणूस, आल्यावर माझं भांडं उचलायचा, आणि मी नकाशासाठी रडत होते.

"सरकारकडे नकाशे नाई का? तुले आराम सांगितला हाय. करमनूक कर, मोबाइल पाय, डोकं नको चालवू."

"डोकंच तर चालतंय माझं. बाकी काय चालतंय?"

तो उठून बाहेर गेला. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी चाकूनं टोक काढलेल्या चार पेन्सिली होत्या.

मोबाइल मी फेकला वगैरे नाही. प्रकाशला सांगितलं, सकाळी मिलला नेत जा. पहिले तीन दिवस रिकाम्या हातांचे अंगठे हलायचे. अनूचाही त्यानं नेला. ती पाय आपटत माझ्यापाशी आली. "करमत नाई." मी म्हणाले, "मलाही नाही करमत." दोघी नुसत्या पडून राहिलो. मग तिनं वही ओढून घेतली. "हे झाड असं काऊन काढलं? झाड वाटतच नाई." तेव्हापासून झाडं तिची, वाटा माझ्या.

कालबंडा

तीन आठवड्यांत पाच पानं झाली. भाऊंना बोलावलं. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा नाही म्हणून लांब धरली, आणि हसले.

"बाई, नाला उलटा वाहून राह्यला तुमचा."

खरंच उलटा होता. मी खोडला. मग ते दर रविवारी यायचे. मी काढायची, ते मोडायचे. एका रविवारी नाल्याच्या वळणावरच्या मोठ्या खडकापाशी आलो. मी कागदावर तो खडक काढला आणि अनूनं पलीकडे जांभळीची झाडं काढली, तशी झिऱ्याची जागा हाताला आपोआप सापडली. खडकाच्या मागं, वीस पावलं. भाऊंनी मांडीवर थाप मारली. मी खडकाच्या बाजूला नाव लिहिलं, 'काळा बंडा'.

"काळा नाई जी. कालबंडा."

"तेच ना, काळा दगड."

"काळा कुठी हाय तो? भुरका हाय. काल म्हंजे पाय. गोंडीत पायाले काल म्हंतेत. पायासारखा हाय न तो, म्हून."

माझी पेन्सिल थांबली.

भाऊ पुढं बोलत होते. मला वॉर्ड दिसत होता. काल, काल. लांब केलेला हात. मी तो हात पाहिला होता, पण तो कुठं दाखवतोय ते पाहिलं नव्हतं. शब्द कळायला गोंडी यावी लागते. बोट पायाकडे आहे हे कळायला फक्त मान वळवावी लागत होती.

मी भाऊंना सगळं सांगितलं. प्रकाशलाही तेव्हाच पहिल्यांदा कळलं. अनू झाड रंगवत होती, ती थांबली. भाऊ जाताना दारात म्हणाले, "त्या पोराले सांगा लागन, बाई."

मी म्हणाले, "हो." आणि त्यानंतर वर्षभर सांगितलं नाही.

फोन

त्या वर्षभरात मी उभी राहिले. आधी भिंत धरून, मग काठी घेऊन. डावा पाय ओढला जातो, तो तसाच राहणार असं डॉक्टर म्हणतात. गस्त संपली, मला वनविभागाच्या लाकूड डेपोत टेबलावर बसवलंय. नव्या वनरक्षकाला मी वही दिली. त्यानं पानं चाळली, म्हणाला, "छान आहे मॅडम, पण आता ॲपमध्ये असतं सगळं." झिरा मात्र त्याला त्या वहीतूनच सापडला. त्यानं ते मान्य केलं नाही, मला ते भाऊंनी सांगितलं. मी दुसरी वही सुरू केली आहे, त्यात त्या भागातली नावं आणि ती का पडली ते लिहिते. मोबाइल अजूनही काही संध्याकाळी माझा तास-दीड तास खातो. उठते तेव्हा तोंडाला चव नसते.

गोळ्या गेल्या महिन्यात थांबल्या. शेवटच्या तपासणीला त्याच वॉर्डासमोरून जावं लागलं. घरी आले, मडावी भाऊंना बोलावलं आणि 'जुरीबाई मुलगा' हा नंबर लावला. तिसऱ्या दिवशी रेंज मिळाली. भाऊंची गोंडी आणि सैनूची माडिया थोडी वेगळी आहे, पण निभतं. मी स्पीकर लावला. मी मराठीत एकेक वाक्य बोलत गेले, भाऊ पुढं देत गेले. तुझी आई पाय दुखतो म्हणून दोन दिवस सांगत होती. मी कानात हेडफोन घातले होते. सिस्टरनं विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणाले. तू आलास तेव्हा मी जागी होते.

पलीकडे कोंबडा आरवला. मग सैनूनं एक लहानसं वाक्य विचारलं. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो विचारते, आखीन काय म्हणली माय?"

तीन दिवस ती बाई बोलली होती. तिचं शेवटचं सगळं बोलणं माझ्या शेजारच्या खाटेवर सांडलं होतं.

"सांगा, मला माहीत नाही. मी ऐकलं नाही."

भाऊंनी सांगितलं. मला वाटलं त्यानं फोन ठेवला. प्रकाश दारात उभा होता. त्यानं वही आणि पेन्सिल माझ्यासमोर सरकवली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मी म्हणाले, "भाऊ, त्याला विचारा, आई घरी काय काय बोलायची. त्याला सांगायचं असेल तरच. मी लिहून घेते."

भाऊंनी विचारलं. सैनू आधी एक-दोन शब्द बोलला, मग थांबला, मग बोलायला लागला. भाऊ सांगत गेले, मी लिहीत गेले. बियाणं मोजताना ती काय म्हणायची. पाऊस लांबला की कुणाला शिव्या द्यायची. नातू झाल्यावर त्याच्या कानात काय बोलली होती. इथं भाऊ अडखळले. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"हे मराठीत नाई होत, बाई."

"मग तसंच सांगा," मी म्हणाले. "हळू सांगा."